स्टोअरचं कमिशन, वीस लाखांची मर्यादा आणि ४९९ रुपयांचा पास

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या दोघा मित्रांनी एमपीएससीच्या सरावाचं अँड्रॉइड ॲप केलं आहे. वर्षभराचा पास ४९९ रुपयांना आहे आणि वर्षाला साधारण २,००० पास विकले जातात. गुगल प्ले त्यातले ३० टक्के कापतं. मग आपल्या वेबसाइटवर क्यूआर लावून विकावं का, किंमत वाढवावी का, आणि आता आयफोनवर यावं का?

आधी थेट उत्तर. तुमचं कमिशन ३० टक्के असायचं कारणच नाही, ते १५ असायला हवं, आणि ते करून घेणं एका बैठकीचं काम आहे. वेबसाइटवर विक्री जरूर सुरू करा, पण ॲपमध्ये आलेल्या विद्यार्थ्याला बाहेर काढण्यासाठी नाही, तर अभ्यासिका आणि क्लासेसना एकगठ्ठा पास देण्यासाठी. किंमतीचा निर्णय कमिशनकडे बघून घेऊ नका, जीएसटीच्या वीस लाखांच्या मर्यादेकडे (वर्षाची उलाढाल त्यावर गेली की नोंदणी सक्तीची) बघून घ्या. आयफोन या परीक्षेनंतर. आता एकेक मुद्दा.

३० टक्के का कापले जातात ते आधी समजून घ्या. गुगल प्लेवर आपोआप नूतनीकरण होणाऱ्या सबस्क्रिप्शनला १ जानेवारी २०२२ पासून पहिल्या दिवसापासून १५ टक्के दर आहे, त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. तुमचा ‘वर्षाचा पास’ मात्र नावालाच वर्गणी आहे. कन्सोलमध्ये, म्हणजे गुगल प्लेच्या डेव्हलपरसाठीच्या पानावर, तो वन-टाइम प्रॉडक्ट (एकरकमी पैसे भरून घ्यायची गोष्ट) म्हणून टाकलेला असणार, आणि वन-टाइम प्रॉडक्टचा मूळ दर ३० टक्के. १ जुलै २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरच्या विक्रीवर हा दर १५ टक्के केला गेला, पण तो आपणहून लागू होत नाही. खात्याच्या मालकाने कन्सोलमध्ये अकाउंट ग्रुप (आपल्या डेव्हलपर खात्यांचा गट) तयार करायचा, आपल्या मालकीची किंवा नियंत्रणाखालची दुसरी डेव्हलपर खाती असतील तर ती जाहीर करायची आणि १५ टक्क्यांच्या अटी मान्य करायच्या. टीममधल्या दुसऱ्या कुणाला ॲडमिनचे अधिकार दिले असले तरी हे काम मालकाच्याच लॉगिनने करा. नोंदणी होईपर्यंत झालेल्या विक्रीवरचा फरक परत मिळेल असं धरून चालू नका. म्हणून पुढच्या परीक्षेच्या जाहिरातीची वाट न बघता आधी हे उरका.

अंदाजावर जायची गरज नाही, तपासता येतं. कन्सोलमधून महिन्याचा अर्निंग्ज रिपोर्ट उतरवून घ्या आणि एकाच ऑर्डर क्रमांकाच्या ओळी शेजारी ठेवा. एक ओळ चार्जची, एक गुगल फीची. ४९९ च्या चार्जपुढे फी १४९.७० असेल तर तुम्ही ३० टक्क्यांत आहात, ७४.८५ असेल तर १५ मध्ये. २,००० पासांवर हा फरक १,४९,७०० रुपयांचा आहे. दोघांच्या धंद्यात ही रक्कम वर्षभराचा सर्व्हर, डोमेन आणि प्रश्नसंच तपासणाऱ्याचं मानधन भागवून उरते. नोंदणी झाल्यावर पुढच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये हीच जोडी पुन्हा काढून बघा. संबंधित खातं जाहीर करायचं राहिलं म्हणून नोंदणी अर्धवट अडकते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, असं होऊ शकतं.

दहा लाख डॉलर म्हणजे रुपयांत आठ-नऊ कोटींच्या घरात. तुमच्या आकाराच्या टीमला ही मर्यादा लांब आहे. तरी दोन्ही स्टोअरमधला एक फरक माहीत असू द्या. गुगलवर मर्यादा ओलांडली की वरच्या रकमेलाच ३० टक्के लागतात. ॲपलच्या स्मॉल बिझनेस प्रोग्राममध्ये, जो १ जानेवारी २०२१ ला सुरू झाला, कमिशन वजा जाता हातात येणारी रक्कम दहा लाख डॉलरच्या वर गेली की त्या वर्षाची उरलेली सगळी विक्री ३० टक्क्यांत जाते आणि ज्या वर्षी ही रक्कम पुन्हा दहा लाख डॉलरच्या आत राहते त्याच्या पुढच्या वर्षीच परत पात्र होता येतं.

आता स्वतःच्या वेबसाइटवर विकण्याचा हिशेब. जीएसटी नोंदणी अजून नाही असं धरतो, कारण ९,९८,००० ची विक्री वीस लाखांच्या आत आहे. पेमेंट गेटवे (वेबसाइटवर ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) साधारण २ टक्के घेतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. नोंदणी नसल्याने त्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर आपल्या करातून वजा करण्याची सोय) तुम्हाला नाही, तो सरळ खर्च.

प्लेवर ३० टक्क्यांत: ४९९ मधून हातात ३४९.३०
प्लेवर १५ टक्क्यांत: हातात ४२४.१५
वेबसाइटवर: हातात ४८७.२२

(गुगलच्या इन्व्हॉइसवर कमिशनपुढे जीएसटीची वेगळी ओळ दिसत असेल तर तीही पहिल्या दोन आकड्यांतून वजा करा.)

वेबवर पासामागे ६३ रुपये जास्त दिसतात आणि मोह होतो. पण विद्यार्थी ॲपमध्ये आहे, बोटाच्या ठशावर पैसे देऊ शकतो, आणि तुम्ही त्याला ब्राउझर, नवं लॉगिन, ओटीपी आणि यूपीआय ॲपच्या फेऱ्यात घालणार. ४२४.१५ ला ४८७.२२ ने भागा, उत्तर येतं ०.८७. म्हणजे ॲपमध्ये शंभर जण घेणार होते त्यातले ८७ वेबपर्यंत पोचून पैसे भरून परत आले तरच तुम्ही बरोबरीत. शंभरातले १३ पेक्षा जास्त वाटेत गळले की तोटा. ‘पैसे गेले, पास सुरू झाला नाही’ या मेसेजांना रात्री अकरा वाजता उत्तर देणाऱ्या माणसाचा वेळ यात धरलेलाच नाही. ३० टक्के कापले जात असताना हाच आकडा ७२ वर होता, म्हणून वेबसाइट तेव्हा तुम्हाला इतकी फायद्याची वाटत होती. १५ वर आल्यावर तो फायदा पातळ होतो.

मधला एक मार्ग भारतात आहे, त्याबद्दलही विचारणा होते म्हणून सांगतो. बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाच्या आदेशानंतर गुगलने भारतात ॲपमध्येच प्ले बिलिंगच्या, म्हणजे गुगलच्या स्वतःच्या पेमेंट व्यवस्थेच्या, शेजारी दुसरा गेटवे दाखवायची मुभा दिली. विद्यार्थ्याने दुसरा गेटवे निवडला तर गुगलचं शुल्क ४ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे १५ चे ११. त्यात गेटवेचे २.३६ मिळवा, १३.३६ झाले. वाचले १.६४ टक्के. सगळ्या दोन हजार जणांनी दुसराच गेटवे निवडला तरी वर्षाला सोळा हजार, अर्ध्यांनी निवडला तर आठ हजार. त्यासाठी निवडीचा स्क्रीन, बाहेरच्या प्रत्येक व्यवहाराची गुगलला कळवणी, रिफंडची स्वतंत्र व्यवस्था आणि दोन्हीकडचा ताळमेळ. दोघांच्या टीमने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांची विक्री कोटींत आहे आणि बिलिंगला वेगळी माणसं आहेत त्यांच्यासाठी ही सोय आहे.

मग वेबसाइट कुठे खरोखर उपयोगी? सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत. तिथे एकेका अभ्यासिकेत पन्नास-शंभर मुलं रोज बसतात, आणि अभ्यासिका चालवणाऱ्याला आपल्या मुलांना काहीतरी जादा द्यायचं असतं. त्याला ४० पासांचा गठ्ठा ४४९ दराने द्या. गेटवे वजा जाता पासामागे ४३८.४० येतात, म्हणजे ५० रुपये सूट देऊनही प्लेपेक्षा जास्त. शिवाय त्याने थेट बँकेत पैसे पाठवले तर गेटवेचाही खर्च नाही. इथे ग्राहक वाटेत गळण्याचा प्रश्न नाही, कारण पैसे एकच माणूस भरतो आणि तो तुमच्या ॲपमध्ये कधी आलेलाच नसतो. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकविक्रेत्यांकडे सराव प्रश्नपत्रिकांची छापील पुस्तिका पासाच्या कोडसह ठेवता येईल. छापील वस्तूवर दोन्ही स्टोअरचा काही हक्क नाही. वस्तूच्या विक्रीला त्यांचं बिलिंग लागतच नाही.

कोडबद्दल मात्र जपा. कोड टाकायची चौकट ॲपमध्ये ठेवू नका, वेबसाइटवर ठेवा. विद्यार्थी वेबसाइटवर मोबाइल क्रमांकाने लॉगिन करून कोड भरेल, पास त्याच्या खात्याला जोडला जाईल, आणि ॲपमध्ये त्याच क्रमांकाने लॉगिन केलं की सगळं उघडलेलं दिसेल. बाहेर घेतलेली गोष्ट ॲपमध्ये वापरू देणं दोन्ही स्टोअरना चालतं. ॲपलला मात्र ॲपमध्ये परवाना-कोड टाकून काही उघडणं चालत नाही, आणि बाहेर विकलेली गोष्ट ॲपमध्येही विकायला ठेवावी लागते. प्लेला चालत नाही ते असं: ॲपमधल्या बटणाने, बॅनरने किंवा वेबव्ह्यूने (ॲपच्या आत उघडणाऱ्या वेबपानाने) बाहेरच्या पेमेंटकडे नेणं. ‘आमच्या टेलिग्रामला या’ असं साधं बटण आणि त्या चॅनेलवर वर पिन केलेली पेमेंट लिंक, हाही धोकाच आहे. परीक्षेला दहा दिवस असताना अपडेट नाकारलं गेलं तर त्या हंगामाची विक्री बुडते. ॲपच्या बाहेर, म्हणजे ईमेलवर, अभ्यासिकेच्या भिंतीवरच्या पत्रकावर किंवा क्लासच्या ग्रुपवर, तुम्ही वेबसाइटची किंमत मोकळेपणाने सांगू शकता. क्यूआर तिथेच लावा.

लॉगिन मोबाइल क्रमांकावर ठेवण्याचं दुसरं आणि जास्त महत्त्वाचं कारण आहे. प्लेवरून घेणाऱ्याचा फोन किंवा ईमेल स्टोअर तुम्हाला देत नाही. उद्या काही कारणाने ॲप स्टोअरवरून उतरलं, तर तुमच्या दोन हजार ग्राहकांना कळवायचं कसं? १ मार्च २०२४ ला शुल्काच्या वादातून गुगलने काही मोठ्या भारतीय कंपन्यांची ॲप प्लेवरून काढली होती. सरकारने मध्ये पडल्यावर ती परत आली. मोठ्यांसाठी मंत्रालय बोलतं, दोघांच्या टीमसाठी कुणी बोलणार नाही. परवानगी घेऊन जमवलेली ग्राहकांची यादी हीच तुमची सुरक्षितता, आणि कमिशनातले दोन टक्के वाचवण्यापेक्षा ती मोलाची आहे.

आता जीएसटी. छोट्या टीमला खरा धक्का इथे बसतो. ॲप ही सेवा असल्याने ई-कॉमर्स मंचावरून विकली तरी एकूण उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने ही सूट दिली आहे. यात दोन ठिकाणी गफलत होते. पहिली, उलाढाल म्हणजे ग्राहकाने भरलेले ४९९, बँकेत आलेले ४२४ नव्हे. दुसरी, मर्यादा पॅनवर मोजली जाते, ॲपवर नाही. ज्या मित्राच्या पॅनवर प्लेचं खातं आहे त्यानेच वर्षाला ११ लाखांचं फ्रीलान्स काम केलं असेल तर ॲपचे ९.९८ लाख मिळून बेरीज २०.९८ लाख होते आणि नोंदणी बंधनकारक ठरते. ती पात्र झाल्यापासून ३० दिवसांत करायची असते. वर्षाच्या शेवटी सीएकडे कागद नेल्यावर हे कळलं तर मधल्या महिन्यांचा कर खिशातून जातो, कारण विद्यार्थ्यांकडून तो आता मागता येत नाही.

नोंदणी झाल्यावर काय होतं ते आकड्यांत बघा. ४९९ मध्ये १८ टक्के जीएसटी धरला तर मूळ रक्कम ४२२.८८ उरते, ७६.१२ कराचे. १५ टक्के कमिशन मूळ रकमेवर धरलं तरी हातात येतात ३५९.४५. काल ४२४.१५ होते. पासामागे ६४.७० गेले, म्हणजे सव्वापंधरा टक्के. आणखी एक अख्खं कमिशन बसल्यासारखंच हे झालं. रिपोर्टमध्ये कमिशन पूर्ण ४९९ वर कापलेलं दिसलं तर हातातली रक्कम आणखी अकरा रुपयांनी कमी धरा. नोंदणीमुळे सर्व्हर, गेटवे, जाहिरात यांवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण तुमचा मुख्य खर्च तुमचा वेळ आहे आणि त्यावर क्रेडिट नसतं.

म्हणून किंमत आत्ताच ठरवा, मर्यादा ओलांडल्यावर नाही. आजच्याइतकेच ४२४ हातात हवे असतील तर नोंदणीनंतर किंमत ५८९ लागते. मी ५९९ ठेवायला सांगेन: मूळ रक्कम ५०७.६३, कमिशन वजा जाता ४३१.४८. ती वाढ नव्या परीक्षेच्या जाहिरातीबरोबर करा. जुन्या पासधारकांना मुदतवाढीच्या वेळी ४९९ चाच दर द्या; त्यांनीच तोंडी प्रसिद्धी केलेली असते. अभ्यासिकेचा गठ्ठा दरही त्याच दिवशी ५३९ वर न्या, नाहीतर दोन किमतींमधलं अंतर एवढं वाढतं की प्लेवर कुणी घेईनासं होतं आणि सगळा भार तुमच्या हेल्पलाइनवर येतो.

बाकीचे कर किरकोळ आहेत, पण पैसे कमी का आले याचं उत्तर बऱ्याचदा त्यांत असतं. ई-कॉमर्स चालकाने कापायचा टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर), जो १९४-ओ म्हणून ओळखला जातो, १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्का झाला. तुमच्या विक्रीवर तो हजार रुपयेसुद्धा नाही, आणि प्राप्तिकर विवरणपत्रात परत मिळतो. पॅन दिलेला नसेल तर मात्र दर ५ टक्के होतो. जीएसटी नोंदणीनंतर टीसीएस (मंचाने आधीच कापून घेतलेला जीएसटी) सुरू होतो, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्का. हा जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वतः स्वीकारावा लागतो, तेव्हा तो कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात) जमा होतो. स्वीकारला नाही तर पैसे तिथेच पडून राहतात.

आता पास कोणत्या प्रकारात ठेवायचा. १५ टक्के सबस्क्रिप्शनला आपोआप मिळतात म्हणून सगळं सबस्क्रिप्शनवर न्यावं, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. एमपीएससीच्या मुलांसाठी तो चुकीचा आहे. आपोआप नूतनीकरण म्हणजे यूपीआय ऑटोपे किंवा कार्डाचा ई-मँडेट (ठरलेल्या वेळी आपोआप पैसे कापायला आधीच दिलेली परवानगी). ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना जाते, आणि घरून महिन्याला मोजके पैसे येणारा मुलगा ती सूचना आली की मँडेटच बंद करतो. खात्यात पैसे नसले तर हप्ता फेल, मग ग्रेस पिरियड (पैसे भरायला थोड्या दिवसांची सवलत), मग खातं होल्डवर (वर्गणी थांबलेली). महिन्याला ४९ रुपयांच्या वर्गणीतून वर्षाला ५८८ येतील हा हिशेब कागदावरच राहतो. शिवाय ज्याची पूर्वपरीक्षा निघाली त्याला दुसरा अभ्यासक्रम हवा असतो आणि ज्याची निघाली नाही तो महिनाभर काही उघडत नाही. एकरकमी पासच ठेवा.

फक्त ‘वर्षाचा’ ऐवजी ‘परीक्षेपर्यंतचा’ करा. तारखा सरकतात हे पुण्यात कुणाला सांगायला नको. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्व पुढे ढकलल्यावर मुलं रस्त्यावर उतरली. ऑगस्ट २०२४ मध्ये २५ तारखेची पूर्व आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या) परीक्षेशी एकाच दिवशी आल्यामुळे पुन्हा आंदोलन झालं आणि परीक्षा पुढे गेली. अशा वेळी पास परीक्षेच्या आठवडाभर आधी संपला तर एक तारा देऊन जाणारे शेकड्यांनी असतात. पासाची शेवटची तारीख स्टोअरमध्ये नव्हे, तुमच्या सर्व्हरवर असते. तिला परीक्षेच्या नोंदीशी जोडा, म्हणजे आयोगाने तारीख बदलली की एका ठिकाणी बदल केल्यावर सगळ्यांचे पास वाढतील. मुदतवाढीला तुम्हाला जवळजवळ काही खर्च येत नाही. वरची कमाल मर्यादा, उदाहरणार्थ १८ महिने, खरेदीच्या पानावर ठळक लिहा.

वन-टाइम प्रॉडक्टमध्ये तांत्रिक बाजूने तीन गोष्टी हमखास बिघडतात. खरेदी पूर्ण झाल्यापासून तीन दिवसांत ती ॲकनॉलेज केली नाही (खरेदी पोचल्याचं गुगलला कळवलं नाही) तर गुगल आपोआप पैसे परत करतं. विद्यार्थी पास वापरत राहतो, रिपोर्टमध्ये रिफंड दिसतो आणि कारण उमगत नाही. बहुतेकदा ॲकनॉलेज करण्याचं काम फोनवरच्या कोडवर सोपवलेलं असतं आणि पैसे भरताच नेट गेलेलं असतं. ते काम सर्व्हरवर हलवा: परचेस टोकन (त्या खरेदीचा सांकेतिक क्रमांक) आला, गुगलच्या एपीआयवर (सर्व्हरने गुगलला विचारायच्या सोयीवर) पडताळला, पास दिला, लगेच कन्झ्यूम केला (खरेदी वापरून झाली अशी नोंद केली). कन्झ्यूम करण्यातच ॲकनॉलेज येतं. दुसरी अडचण यातूनच सुटते: कन्झ्यूम न केलेलं प्रॉडक्ट पुढच्या वर्षी पुन्हा घेता येत नाही, ‘आधीच घेतलेलं आहे’ अशी एरर येते. मुदत संपलेला ग्राहक पैसे द्यायला तयार आणि स्टोअर घेत नाही, असा प्रकार होतो. तिसरी, यूपीआयचा व्यवहार कधी पेंडिंग राहतो. पेंडिंगवर पास देऊ नका. गुगलच्या रिअल-टाइम सूचना सर्व्हरवर घ्या आणि खरेदी पूर्ण झाल्याची सूचना आल्यावरच द्या.

रिफंड झालेल्या खरेदींची यादी व्हॉइडेड परचेसेस एपीआयवरून रोज रात्री ओढा आणि ते पास बंद करा. परीक्षा झाली की रिफंड मागणारे थोडे असतातच. मात्र ज्याचे पैसे तुमच्या चुकीने परत गेले त्याचा पास बंद करण्याआधी त्याला मेसेज करा. तो बहुधा पुन्हा भरतो.

पैसे येण्याचं वेळापत्रकही धरून चला. गुगल एका महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला देतं. पूर्वपरीक्षेच्या आधीच्या महिन्यात विक्री सगळ्यात जास्त आणि जाहिरातीचा खर्चही तेव्हाच. तो खर्च मागच्या महिन्याच्या पैशांतून करावा लागणार.

आयफोनचं गणित छोटं आहे. ॲपलचं डेव्हलपर खातं वर्षाला ९९ डॉलर, रुपयांत साडेआठ-नऊ हजार. गुगलचे २५ डॉलर एकदाच भरलेत तसं नाही, दरवर्षी भरायचे. पासामागे ४२४ हातात आले तर पहिले एकवीस-बावीस पास त्यातच जातात. खरा खर्च दुसरं ॲप सांभाळण्याचा आहे. अभ्यासिकेतल्या मुलांकडे मुख्यतः अँड्रॉइड असतं, त्यामुळे वेबसाइटच्या लॉगिनमध्ये किती जण आयफोनवरून येतात ते दोन-तीन महिने मोजा आणि मग ठरवा. आलात तर पास नॉन-रिन्यूइंग सबस्क्रिप्शन या प्रकारात टाका. त्यात मुदत तुम्हीच सांभाळता, म्हणून परीक्षेपर्यंतचा पास तिथे नीट बसतो. स्मॉल बिझनेस प्रोग्रामसाठी अर्ज ॲप विक्रीला लागण्याच्या आधीच करा. मंजुरी ॲपलच्या ज्या फिस्कल (हिशेबाच्या) महिन्यात मिळते तो संपल्यानंतर १५ दिवसांनी १५ टक्के दर लागू होतो. तोवरच्या विक्रीवर ३० कापले जातील.

परदेशातल्या विक्रीचा तुमच्या ॲपला प्रश्न नाही, पण पुढे कधी परदेशातही विकलं जाईल असं, मुलांना मराठी शिकवणारं ॲप काढलंत तर एवढं ध्यानात ठेवा. अमेरिकेत कर किमतीच्या वर लागतो, युरोपात किमतीच्या आत. ४.९९ डॉलरमधून १५ टक्के वजा जाता ४.२४ डॉलर येतात. जर्मनीत ४.९९ युरोतून आधी १९ टक्के व्हॅट निघतो आणि हातात ३.५६ युरो पडतात. तिकडे स्वस्त गोष्टी वेबवर विकण्यात अर्थ नसतो, कारण गेटवे २.९ टक्क्यांवर ३० सेंट ठोक घेतात, ०.९९ डॉलरच्या वस्तूवर ते तेहेतीस टक्के होतात. स्टोअरचे १५ परवडले.

‘न्यायालयात खटले चालू आहेत, कमिशन जाणारच आहे, थोडं थांबू’ असं म्हणत किंमतीचा निर्णय लांबवणारे बरेच भेटतात. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले बिलिंगच्या प्रकरणात गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला, मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६.६९ कोटींवर आला. अमेरिकेत ३० एप्रिल २०२५ च्या आदेशाने ॲपलला बाहेरच्या लिंकवरून झालेल्या खरेदीवर कमिशन घ्यायला मनाई झाली, पण तो आदेश तिथल्या स्टोअरपुरता आहे आणि त्यावरही अपील झालं. यातून तुमच्या ४९९ च्या पासावर या हंगामात काही बदल होणार नाही. पुढे दर उतरलेच तर वरच्या हिशेबात एक आकडा बदलायचा, बाकी मांडणी तीच राहते.

या आठवड्यात करायची कामं ओळीने सांगतो. रिपोर्टमधून कमिशनचा दर तपासून १५ टक्क्यांची नोंदणी करा. ज्याच्या पॅनवर खातं आहे त्याची चालू वर्षाची सगळी उलाढाल, फ्रीलान्ससकट, एका कागदावर मांडून सीएला दाखवा. कन्झ्यूम सर्व्हरवरून होतं का ते पाहा: एक चाचणी खरेदी करा आणि पैसे भरताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. फोन एअरप्लेन मोडवर असतानाच सर्व्हरवर पास दिलेला आणि कन्झ्यूम झालेला दिसला तर तुमची व्यवस्था बरोबर आहे.